लॉर्ड नफील्ड : सायकलचं दुकान ते श्वासाची पेटी

अॅम्बेसेडर गाडी माहीत नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं कठीण. कलेक्टरसाहेबांची पांढरी गाडी म्हणजे अॅम्बेसेडर, हे समीकरण परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावात कित्येक वर्षं पक्कं होतं. २०१४ साली पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात तिचं उत्पादन थांबलं. पण ही गाडी मुळात आपली नव्हे. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री या गाडीचं ते भारतीय रूप. आणि त्यातला मॉरिस म्हणजे विल्यम रिचर्ड मॉरिस, पुढे लॉर्ड नफील्ड म्हणून जगाला माहीत झालेला माणूस.

मित्रांनो, मॉरिसच्या मोटारींवर भरपूर लिहिलं गेलंय. हा लेख मात्र मोटारींसाठी नाही. या माणसाने आपल्या मोटारीच्या कारखान्यात लाकडाच्या पेट्या बनवून घेतल्या आणि त्या देशोदेशीच्या दवाखान्यांना फुकट वाटल्या. ज्या रुग्णाला स्वतःहून श्वास घेता येत नाही त्याला त्या पेटीत झोपवायचं आणि पेटीने त्याचा श्वास चालवायचा. गळ्याला छेद नाही, घशात नळी नाही. शरीरात काहीही न खुपसता मशीनने श्वासाला मदत करणं, यालाच आज डॉक्टर नॉन-इन्व्हेजिव्ह व्हेंटिलेशन म्हणतात. सिस्टिक फायब्रोसिससारख्या आजाराची मुलं आज रात्री नाकावर मास्क लावून झोपतात, तेही यातलंच. पेटी आणि मास्क दिसायला अगदी वेगळे, पण नातं जवळचं आहे.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं

विल्यमचा जन्म १० ऑक्टोबर १८७७ चा, इंग्लंडमधल्या वूस्टर गावचा. सात भावंडांत तो थोरला. तो तीन वर्षांचा असताना घरचे ऑक्सफर्डजवळ आले आणि वडील सासऱ्यांच्या शेतीची देखरेख करू लागले. शिक्षण काउलीच्या गावातल्या शाळेत, तेही वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत. ऑक्सफर्डसारखं विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, पण त्याच्या दारातून विद्यार्थी म्हणून आत जायचा योग या मुलाला आला नाही.

त्याला सर्जन व्हायचं होतं. पण वडिलांना दम्याचा त्रास होता आणि त्यापायी काम करणं त्यांना जमेना. घरात मिळवणारं कुणी नाही म्हटल्यावर थोरल्या मुलाने कामाला लागायचं, हे तिकडेही आपल्यासारखंच. आपल्या हॉस्टेलमध्ये एक सर्व्हे घेतला, तर मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून इंजिनीअरिंगला आलेले किती तरी निघतील. मॉरिसचं तर परीक्षेपर्यंतही गेलं नाही. श्वास पुरत नाही म्हणजे घरात काय होतं, हे मात्र त्याने लहानपणीच पाहिलं होतं.

तो एका सायकलवाल्याकडे उमेदवारीला लागला. नऊ महिने काम केल्यावर त्याने पगार वाढवून मागितला. मालकाने नाही म्हटलं. त्याने काम सोडलं आणि सोळाव्या वर्षी घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. भांडवल ४ पौंड. बनी तो बनी, नहीं तो परभणी असं आपल्याकडे म्हणतात, तशातलाच हा प्रकार. पण याचं बनलं! एका खूप उंच पाद्रीसाहेबांसाठी त्याने मापाबरहुकूम मोठ्या फ्रेमची सायकल बनवली. ते गावभर त्या सायकलवरून फिरायचे, त्यामुळे जाहिरात आपोआप झाली. मग हाय स्ट्रीटवर दुकान आलं. विल्यम स्वतःच्या सायकलवर शर्यतीत उतरायचा आणि जिंकायचा. ऑक्सफर्ड आणि शेजारच्या दोन परगण्यांचा तो चॅम्पियन होता.

१९०१ च्या सुमारास तो मोटरसायकलकडे वळला. लगेच एक भागीदारी केली आणि ती साफ बुडाली. १९०४ मध्ये त्याच्याकडे आपली हत्यारांची पेटी आणि ५० पौंडांचं कर्ज, एवढंच उरलं होतं. त्याच वर्षी त्याचं एलिझाबेथ अॅन्स्टी हिच्याशी लग्न झालं. कर्जात बुडालेला सायकलवाला आणि त्याची बायको, असा हा संसार सुरू झाला.

पार्ट बाहेरचे, गाडी आपली

पुढची गोष्ट आपल्या इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरला शोभेल अशी आहे. मोटार बनवायची तर सगळे भाग स्वतःच बनवले पाहिजेत असं त्या वेळी बऱ्याच कारखानदारांना वाटायचं. मॉरिसने उलटा हिशेब केला. इंजिन कोव्हेंट्रीच्या एका कंपनीचं, अॅक्सल दुसऱ्याचे, चाकं तिसऱ्याची, बॉडी ऑक्सफर्डमधल्याच एका कारागिराची. चांगला भाग जो बनवतो त्याच्याकडून घ्यायचा, आपण फक्त नीट जुळवायचा. पैसे कमी लागतात आणि गाडी स्वस्त पडते. १९१२ च्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात त्याच्याकडे दाखवायला तयार गाडीच नव्हती, फक्त ड्रॉइंग होतं. तेवढ्यावर एका व्यापाऱ्याने ४०० गाड्यांची ऑर्डर दिली! ड्रॉइंगच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

१९१३ मध्ये मॉरिस ऑक्सफर्ड रस्त्यावर आली. रेडिएटरच्या गोल आकारामुळे लोक तिला बुलनोज म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात कारखान्यात समुद्री सुरुंगांचे भाग बनले. युद्धानंतर मंदी आली आणि १९२१ च्या सुरुवातीला गाड्या पडून राहायला लागल्या. इतर कंपन्या किंमत वाढवायच्या विचारात असताना मॉरिसनी ती कमी केली, एका मॉडेलची तर थेट १०० पौंडांनी. गाड्या भराभर खपल्या. १९२४ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये फोर्डलाही मागे टाकलं आणि १९२५ मध्ये वर्षाला ५० हजारांच्या वर गाड्या काउलीतून बाहेर पडू लागल्या. एमजी ही गाडीसुद्धा त्यांच्याच गॅरेजमधून जन्माला आली.

सरकारने १९२९ मध्ये त्यांना बॅरोनेट केलं आणि १९३४ मध्ये लॉर्ड. ज्या खेड्याजवळ ते राहायचे त्याचं नाव त्यांनी किताबाला घेतलं, म्हणून लॉर्ड नफील्ड. मूलबाळ नव्हतं. पैसा मात्र इतका झाला की त्याचं काय करायचं हाच प्रश्न पडावा. त्यांनी तो वाटायला सुरुवात केली आणि जास्तीत जास्त ओघ गेला तो दवाखान्यांकडे आणि वैद्यकीय शिक्षणाकडे. जे स्वतःला शिकता आलं नाही त्याच विषयासाठी त्यांनी १९३६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला सुमारे २० लाख पौंड दिले.

त्यात भूल देण्याच्या शास्त्राचंही प्राध्यापकपद असलंच पाहिजे असा त्यांनी हट्ट धरला. त्यांना स्वतःला लहानपणी भुलीचा फार वाईट अनुभव आला होता आणि पुढे रॉबर्ट मॅकिंटॉश या डॉक्टरांनी दिलेली भूल मात्र सुखाची ठरली होती, असं सांगतात. हा काय स्वतंत्र विषय आहे का, अशी विद्यापीठात कुरकुर झाली. पण देणारा ठाम होता. १९३७ मध्ये मॅकिंटॉश या विषयाचे प्राध्यापक झाले. त्यांच्याच विभागातून श्वासाच्या पेटीची गोष्ट सुरू होते.

छातीचा भाता

आधी पेटी चालते कशी ते बघू. आपण हवा आत ओढतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डायफ्रॅम खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपोआप आत शिरते. लोहाराचा भाता उघडला की हवा आत येते, तसंच. बारावीला पाठ केलेला बॉईलचा नियम आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा छातीत वापरत असतो. पोलिओत काही रुग्णांचे हे भाता चालवणारे स्नायूच लुळे पडायचे. फुप्फुस चांगलं, पण ते उघडणारं कुणी नाही. धडधाकट मूल काही तासांत गुदमरून जायचं आणि शुद्ध मात्र शेवटपर्यंत असायची.

अमेरिकेत हार्वर्डमध्ये फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी यावर उपाय काढला. रुग्णाला लोखंडी टाकीत झोपवायचं, डोकं तेवढं बाहेर, मानेभोवती रबराची हवाबंद पट्टी. पंपाने टाकीतला दाब कमी केला की छाती बाहेरून ओढली जाते आणि नाकातोंडातून हवा आत येते. दाब पूर्ववत केला की श्वास बाहेर. पहिल्या टाकीला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरचे पंप लावले होते. ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीवर ती पहिल्यांदा वापरली गेली. लोकांनी तिला आयर्न लंग, म्हणजे लोखंडी फुप्फुस हे नाव दिलं. पण ती अवजड होती आणि महागही. मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यालाच परवडणारी.

१९३७ मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिओची साथ आली. अॅडलेडमध्ये एडवर्ड बोथ नावाचा तिशीच्या आतला तंत्रज्ञ होता. विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात तो उपकरणं बनवायचा. त्याने लोखंडाच्या जागी प्लायवूड वापरलं. साधी चौकोनी लाकडी पेटी, विजेच्या मोटारीवर चालणारा भाता आणि लाइट गेली तर हाताने चालवायची सोय. सुतारकाम येणाऱ्या कुणालाही ती बनवता यावी इतकी सोपी. खर्च ड्रिंकरच्या टाकीच्या मानाने फारच थोडा. बोथ दुसऱ्या एका उपकरणाच्या विक्रीसाठी १९३८ मध्ये इंग्लंडला गेला होता. तिथे पोलिओची साथ आली आणि श्वासाची मशीन कमी पडू लागली, तेव्हा भाड्याच्या जागेत त्याने तिथेही पेट्या बनवून दिल्या.

त्यातली एक पेटी ऑक्सफर्डला मॅकिंटॉशांकडे पोचली. ती कशी वापरायची यावर त्यांच्या विभागाने एक फिल्म काढली. नोव्हेंबर १९३८ मध्ये लॉर्ड नफील्डनी ती पाहिली. सायकली आणि मोटारी जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पेटी बघता क्षणीच कळलं असणार, की ही आपल्या कारखान्यात बनू शकते. त्यांनी जाहीर केलं, की अशा ५००० पेट्या बनवायची आपली तयारी आहे आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या मागेल त्या दवाखान्याला ती फुकट मिळेल. त्या साम्राज्यात तेव्हा आपला देशही होता. काउलीच्या ज्या आवारातून मोटारी बाहेर पडायच्या त्याच आवारातून आता श्वासाच्या पेट्या बाहेर पडू लागल्या. प्रत्यक्षात १७०० च्या वर पेट्या वाटल्या गेल्या.

दान चुकलं का?

इथे कुणालाही वाटेल की सगळ्यांनी त्यांचा जयजयकार केला असेल. तसं झालं नाही. लंडन काउंटी कौन्सिलचे आरोग्य अधिकारी सर फ्रेडरिक मेन्झीज यांनी उघड टीका केली. त्यांचा मुद्दा साधा होता. अशी मशीन चालवायला शिकलेली माणसं लागतात. रुग्णाला आत ठेवून कुशीवर कसं वळवायचं, खाऊ कसं घालायचं, घशातला कफ कसा काढायचा, हे माहीत नसेल तर पेटी असून उपयोग काय? खेडोपाडीच्या दवाखान्यात ती धूळ खात पडेल. त्यापेक्षा मोजकी केंद्रं काढा आणि तिथे तयार माणसं ठेवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी होती. पोलिओचा रुग्ण केंद्रापर्यंत पोचायला थांबत नाही. श्वास बंद पडायला लागला की हातात मिनिटं असतात. पेटी शंभर मैलांवर असेल तर ती नसल्यासारखीच.

मला वाटतं दोघंही बरोबर होते आणि म्हणूनच हा वाद अजून संपलेला नाही. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे व्हेंटिलेटरचा विषय आला. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले होते आणि त्यातले काही मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांना दिले गेले होते. न्यायालयापुढे आलेल्या माहितीत, वापरायला काढलेले ११३ सदोष असल्याचं आणि ३७ खोक्यातून बाहेरच काढले नसल्याचं म्हटलं होतं. उलट बाजूचं म्हणणं असं, की मशीन ठीक आहेत, बसवण्यात आणि वापरण्यात गडबड आहे. मशीनचा दोष की हाताळणाऱ्याचा? १९३८ चा इंग्लंडमधला वाद जसाच्या तसा मराठवाड्यात येऊन उभा राहिला होता. फरक एवढाच, की वाद चालू असताना खाटेवर आपली माणसं होती.

पेटी गेली, मास्क आला

पेटीचं राज्य फार टिकलं नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. तिथल्या दवाखान्यात मोठी पेटी एकच होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायला सांगितलं. सुमारे १५०० मेडिकल विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. आपल्याच वयाची पोरं ती! तिथून नळीचा, म्हणजे इन्व्हेजिव्ह व्हेंटिलेटरचा जमाना आला. गंमत अशी, की नळी घालताना जीभ बाजूला सारायला जो वाकडा पात्याचा लॅरिंगोस्कोप आजही जगभर वापरतात, तो नफील्डनी ज्यांच्यासाठी हट्ट धरला त्या मॅकिंटॉशांनी १९४३ मध्ये पुढे आणलेला.

पण नळीची किंमत रुग्ण मोजतो. बोलता येत नाही, गिळता येत नाही, जंतूंना फुप्फुसात जायला सरळ रस्ता मिळतो. जीव वाचवायला ती लागतेच, पण आयुष्यभर ज्याला थोडी थोडी मदत हवी त्याचं काय? इथे सिस्टिक फायब्रोसिसचा विषय येतो. ज्या १९३८ मध्ये नफील्डनी ती फिल्म पाहिली, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डोरोथी अँडरसन या डॉक्टरबाईंनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. तो आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जीन आलं तरच होतो. १९८९ मध्ये ते जीन सापडलं. शरीरातल्या मिठाची आणि पाण्याची ये-जा बिघडते आणि फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो. त्यात जंतू घर करतात, फुप्फुस हळूहळू खराब होत जातं. आपल्याकडे अशा मुलांना कित्येकदा दमा किंवा टीबी समजून वर्षानुवर्षं औषधं दिली जातात.

आजार वाढला की श्वास घेणं हेच कष्टाचं काम होऊन बसतं. झोपेत तर श्वास आणखी उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं जड घेऊन मूल उठतं. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांसाठी नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या मशीनलाही व्हॅक्यूम क्लीनरचीच मोटार होती, फक्त उलटी लावलेली! ड्रिंकरची हवा ओढत होती, यांची ढकलत होती. यातून सीपॅप आणि पुढे बायपॅप आले. बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब जास्त आणि सोडताना कमी. १९९१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिसच्या गंभीर रुग्णांना असा मास्क लावून, फुप्फुस बदलण्याच्या ऑपरेशनपर्यंत तग धरायला मदत झाल्याचं लिहिलं. आता तो रात्रीच्या झोपेसाठी वापरतात, तसाच कफ काढायचे व्यायाम करताना दम टिकावा म्हणूनही. मास्कने आजार बरा होत नाही. पण मूल रात्री नीट झोपतं, सकाळी बोलतं, जेवतं, अभ्यासाला बसतं. हे थोडं नाही.

पेटी बाहेरून छाती उघडायची, मास्क वरून हवा देतो. नळीशिवाय श्वासाला हात देणं हा मूळ विचार मात्र दोन्हीकडे एकच.

माणूस म्हणून

नफील्ड काही देवमाणूस नव्हते. १९३१ च्या सुमारास त्यांनी ऑस्वल्ड मोस्लीच्या नव्या पक्षाला ५० हजार पौंड दिले. हा मोस्ली पुढे इंग्लंडमधल्या फॅसिस्टांचा पुढारी झाला. कामगार संघटना त्यांना नकोशा वाटायच्या. दुसऱ्या महायुद्धाआधी स्पिटफायर विमानांचा एक प्रचंड कारखाना त्यांच्याकडे सोपवला होता. पण मे १९४० पर्यंत त्यातून एकही विमान बाहेर पडलं नाही आणि तो त्यांच्या हातून काढून घ्यावा लागला. मोटार बनवणं आणि विमान बनवणं एक नाही, हे त्यांना उशिरा समजलं. मॉरिस मायनर या नव्या गाडीचं डिझाइन त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. त्याच गाडीने पुढे दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

पण देणं थांबलं नाही. १९४३ मध्ये १ कोटी पौंडांची नफील्ड फाउंडेशन उभी राहिली. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ३ कोटी पौंड वाटले असं मानतात. १९५२ मध्ये त्यांची कंपनी ऑस्टिन कंपनीत मिळाली आणि लवकरच ते निवृत्त झाले. आपल्याकडे अॅम्बेसेडर आली ती त्यानंतर. २२ ऑगस्ट १९६३ रोजी, ८५ व्या वर्षी ते गेले. त्यांचं घर आज लोकांना पाहता येतं. इतका श्रीमंत माणूस, पण बेडरूममधल्या कपाटात काय, तर हत्यारं! पान्हे, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. झोप आली नाही की उठून काही तरी दुरुस्त करत बसायचं.

मित्रांनो, ज्याला सर्जन व्हायचं होतं तो सर्जन झाला नाही. पण त्याला जे येत होतं, म्हणजे एक वस्तू भरपूर संख्येने, स्वस्तात बनवून दूरवर पोचवणं, ते त्याने श्वासाच्या कामाला लावलं. बोथची पेटी सर्वात भारी नव्हती. ती फक्त बनवायला सोपी आणि लाइट गेली तरी चालणारी होती. आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण नेमका हा विचार करत नाही. डेमोच्या दिवशी चाललं की झालं, पुढे त्याचं काय होतं कोण बघतो? मेन्झीजसाहेबांची टीका मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. मशीन पोचवणं हे अर्धं काम. ते चालवणारी सिस्टर, ते दुरुस्त करणारा टेक्निशियन, मिळणारा स्पेअर पार्ट आणि समजेल अशा भाषेतलं माहितीपत्रक, हे उरलेलं अर्धं.

जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू इथल्या दवाखान्यांत उद्या जी मशीन येतील ती कुणीतरी आपल्यासारख्यानेच बनवलेली, बसवलेली किंवा दुरुस्त केलेली असणार. बायोमेडिकल हा काही फक्त पुण्या-मुंबईचा विषय नाही. मेडिकल हुकलं म्हणून खंत करत बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, डॉक्टर न होताही एखाद्याचा श्वास चालू ठेवता येतो. ऑक्सफर्डच्या सायकलवाल्याने ते करून दाखवलं. आता खोक्यात पडलेलं मशीन खोक्यातच राहणार नाही एवढं आपण बघितलं, तरी त्याच्या कामाचं उरलेलं अर्धं आपल्या हातून होईल.